हिरवं लुगडं, पांढरे टाके

“रेकॉर्ड एकदम सुरक्षित आहे, मॅडम. एक कागद गहाळ नाही,” असं म्हणत आश्रमाच्या विजयसिंह साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

“कागद कोन मागतंय, साहेब? ज्यात बांधला होता ते कापड द्या.”

साहेब हसले. माझं डोकं तिथंच फिरलं.

मी वनमाला, गेवराई डेपोची कंडक्टर. त्याआधी याच अनाथाश्रमाची पोर. उमापूरला गाडी लागली की परतीच्या फेरीपर्यंत चहापुरता वेळ मिळतो. आज चहा सोडून इथं आले होते. लेक संस्कृती पहिलटकरीण, बाळंतपणाला माझ्याकडे आलीय, दिवस भरलेत. बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते घरातल्या म्हातारीच्या मऊ लुगड्यात. लोकांना असं लुगडं ट्रंकेत सापडतं. माझं या ऑफिसात होतं.

ते छबुबाईंमुळे. आश्रमाचा स्वयंपाक, पोरांचं न्हाणं-धुणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ज्या कापडात पोर आलं त्यातच त्याचे कागद बांधायच्या. कापड बघून कागदांचा बस्ता कुणाचा ते ओळखायच्या. पावसाळा सरला की कसर लागू नये म्हणून सगळे बस्ते सोडून अंगणात उन्हाला टाकायच्या. त्या दिवशी आम्ही आपापलं कापड मांडीवर घेऊन बसायचो. कुणाचं धोतर, कुणाची चादर, माझ्या बरोबरीच्या आदिनाथचं तर खताचं निळ्या पट्ट्याचं पोतं. माझं हिरवं लुगडं, मधोमध फाटलेलं आणि पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं.

शाळेत पोरी म्हणायच्या, हिला टाकून दिली. अगं, टाकायचीच होती तर आई आधी लुगडं शिवत कशाला बसली असती? आणि टाके तरी किती बारीक!

“हा बघा तुमचा कागद,” साहेब म्हणाले. पडद्यावर लिहिलं होतं, मुलगी, वय अंदाजे चार महिने, हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली.

“मग लुगडं कुठाय?”

“अहो, जुनं रेकॉर्ड जतन करा असा वरून आदेश आला. कागद स्कॅन करून पेट्यांत ठेवले. चिंध्या काय रेकॉर्ड असतात का?”

“चिंध्या?” माझा आवाज फाटकापर्यंत गेला असणार. “तुमच्या आईच्या लुगड्याला कुनी चिंधी म्हनलं तर चालंल का? आमाला तिचं नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई. एवढं एक कापड होतं, त्ये बी तुमाला जड झालं?”

“आवाज खाली. प्रिंट देतो ना, शिक्का मारून.”

“शिक्क्यात गुंडाळू का नातवंड?”

वॉचमन शफीचाचा दारात येऊन उभे होते. त्यांनी मला लहानपणापासून बघितलेलं. मान खाली घालून म्हणाले, “बेटी, साफसफाईला काढली ती कापडं. लईशी तर फेकून बी दिली. मोरीपाशी बघ एकदा.”

मोरीपाशी बादली होती. काळ्या पाण्यातलं फडकं उचलून पिळलं, उजेडात धरलं. हिरवा रंग कुठंकुठंच उरला होता. टाके मात्र सगळे जागेवर होते.

परत वळले तर ऑफिसच्या उंबऱ्याशी पायपुसणं. खताचं पोतं, निळ्या पट्ट्याचं. आत येताना मी स्वतः त्यावर चपला घासल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेही उचललं.

“मॅडम, घाण आहे ते!”

“घान तुमी केलीय.”

बाहेर ड्रायव्हर अंगद हॉर्न वाजवत होता. गाडीत आले, आदिनाथचं पोतं घडी करून माझ्या सीटखाली ठेवलं. लुगडं पुढच्या सीटवर पसरलं, खिडकीतून ऊन येत होतं तिथं. गाडी भरली. शेवटी उमापूरचे मोहनराव चढले, पांढऱ्या कपड्यांतले, गावात वजन असलेले.

“वनमालाबाई, ते फडकं उचला की. बसू द्या.”

“न्हाई. हितं मानूस बसलंय.”

“कोन?”

“माझी आई.”

मोहनरावांनी एकदा लुगड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दांडा धरून गेवराईपर्यंत उभे राहिले.