नीराबाईचा पाय

खारबंदरच्या कोळीवाड्यात नीराबाईची जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध होती. हातही तसाच चालायचा. होडी किनाऱ्याला लागली की मासळीच्या ढिगापाशी पहिली तीच बसायची. बोंबील वेगळे, कोळंबी वेगळी, कचरा वेगळा, असं ती न बघता करायची. त्या दिवशीही ती तशीच बसली होती. ढिगाखाली चपट्या अंगाचं, शेपटीत विषारी काटा असलेलं एक पाकट जिवंत होतं, आणि ते कुणाला दिसलं नव्हतं. नीराबाई उठायला गेली आणि पाकटाने शेपटी मारली. शेपटीचा काटा तिच्या घोट्याच्या खाली घुसला.

ती ओरडली नाही. तिचा नवरा गुणाजी जाळं सोडवत होता, त्याला हाक मारून तिने काटा उपटायला लावला. काटा निघाला, पण टोक आत मोडलं असावं. घरी नेऊन सून सुचिताने तो पाय गरम पाण्यात बुडवला. कोळीवाड्यात पाकटाच्या काट्यावर सगळे तेच करतात. वेदना थोडी उतरली. पण नीराबाईला साखरेचा आजार होता, गेल्या वर्षी बोटाला झालेली साधी चीर महिनाभर भरली नव्हती. सुचिता म्हणाली, दवाखान्यात जाऊ. नीराबाई म्हणाली, बोंबील वाळत घालायचे हायत, त्यांचं कोण करेल? शेवटी गुणाजीने आवाज चढवला तेव्हा ती निघाली.

गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोळीवाडा आणि वरच्या आळीच्या मधोमध होतं. वरच्या आळीत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्या वाड्यांच्या मालकांची घरं. केंद्राच्या बाहेर डॉक्टरांच्या नावाची पाटी होती आणि आत बहुतेक वेळा श्रद्धा सिस्टर असायची. ती पालीकडची. कंत्राटावर नोकरीला होती आणि कोळीवाड्यातच एक खोली भाड्याने घेऊन राहायची. वाड्यातल्या पोरांना लस तीच द्यायची, बायांचं रक्त तीच तपासायची. औषध संपलं की लोकांच्या शिव्याही तीच खायची.

श्रद्धाने जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. साखर तपासली, ती खूप वाढली होती. काट्याचं टोक आत आहे, ते डॉक्टरांनी उघडून काढायला हवं, असं तिने सुचिताला बाजूला घेऊन सांगितलं. डॉक्टर सकाळी आले होते, हजेरीचा अंगठा लावून गेले होते. फोन उचलत नव्हते.

"गावातच आहेत," श्रद्धा हळू आवाजात म्हणाली. "शरच्चंद्र सरांच्या वाडीत. तू जाऊन बोलाव. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस."

शरच्चंद्र सर हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. सुचिताला त्यांनी सातवी-आठवीला मराठी शिकवलं होतं, आणि कोळीवाड्यातल्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून ते घरोघर आले होते. नीराबाई त्यांचं नाव निघालं की पदर सारखा करायची. केंद्राच्या देखरेखीसाठी गावातल्या लोकांची जी समिती होती, तिचे अध्यक्ष तेच होते.

वाडीच्या फाटकाशी डॉक्टर अनीशची गाडी उभी होती. फाटक सरांच्या सुनेने, गौरीने उघडलं. सरांना सकाळी चक्कर आली होती, डॉक्टर त्यांचा रक्तदाब बघायला आले होते. ओटीवर सर आरामखुर्चीत टेकून बसले होते, दंडाला पट्टा बांधलेला. डॉक्टरांपुढे चहा होता. सुचिता पायरीखाली उभी राहून सगळं बोलली: काटा, साखर, मोडलेलं टोक. सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले, गरीब माणसं आहेत, बघा जरा.

"पाकटाचा काटा ना?" डॉक्टर म्हणाले. "सिस्टरला ड्रेसिंग करायला सांग. मी येतोच."

सुचिता परत आली. केंद्राच्या बाकावर सासूसासरे आणि ती, तिघं बसून राहिले. दुपार झाली. डॉक्टरांची गाडी केंद्रावरून गेली, पण थांबली नाही. अलिबागला त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, दुपारनंतर ते तिथे बसायचे. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

श्रद्धा म्हणाली, त्यांची वाट बघू नका, आजच अलिबागला मोठ्या दवाखान्यात न्या. केंद्राची रुग्णवाहिका दुरुस्तीला गेली होती, रिक्षाने जावं लागणार होतं. गुणाजी अडून बसला. डॉक्टर स्वतः येतो म्हणालेत, सरांच्या समोर म्हणालेत, मग येतीलच की. नीराबाईलाही तेच हवं होतं. पट्टी बांधली, इंजेक्शन झालं, आता एवढ्याशा काट्यासाठी अलिबाग कशाला? केंद्रात आलेल्या दोघी-तिघींनी समजावलं तरी ती ऐकेना. ती लंगडत घरी गेली आणि संध्याकाळी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकायला लागली. सुचिताचा नवरा निकेश तेव्हा होडीवर होता. तो असता तर त्याने आईला उचलून नेलं असतं, असं सुचिताला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

त्यानंतर शनिवार-रविवार आला आणि डॉक्टर आले नाहीत. श्रद्धा घरी येऊन पट्टी बदलून जात होती, आणि प्रत्येक वेळी अलिबागचंच सांगत होती. रविवारी पाय पोटरीपर्यंत सुजला आणि पाऊल काळं-निळं पडलं. सोमवारी तिला केंद्रात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दारातूनच पाहिलं, नाकावर रुमाल धरला, आणि इतका उशीर का केलात असं गुणाजीलाच विचारलं. अलिबागला पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पाय वाचवायची खटपट केली. मग घोट्याच्या वरून तो कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर नीराबाईने पांघरूण वर करून बघितलं आणि पुन्हा खाली टाकलं. बरेच दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिची जीभ अशी गप्प झालेली बघून गुणाजी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला.

उन्हाळ्यात गावात जनसुनावणी ठरली. आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने ती भरवली होती. सरकारी अधिकारी येणार, लोकांनी तक्रारी मांडायच्या, अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तरं द्यायची. संस्थेची मुलगी घरी आली आणि तुम्ही बोला असं सुचिताला म्हणाली. निकेशला ते पसंत नव्हतं. पाय तर गेला, आता वैर कशाला, असं त्याचं म्हणणं. नीराबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती काहीच म्हणाली नाही, म्हणून सुचिताने तो होकार धरला.

शाळेच्या सभागृहात लोक मावत नव्हते. व्यासपीठावर तालुक्याचे अधिकारी, डॉक्टर अनीश, आणि समितीचे अध्यक्ष म्हणून शरच्चंद्र सर. श्रद्धा खाली भिंतीशी उभी होती. सुचिताच्या हातात माइक आला. बोलायला लागल्यावर ती थांबली नाही. काटा कसा लागला, ती वाडीत कशी गेली, डॉक्टर काय म्हणाले, गाडी कशी न थांबता गेली, सगळं तिने क्रमाने सांगितलं. कुणाबद्दल वाईट शब्द वापरला नाही.

अधिकाऱ्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते त्या दिवशी आसपासच्या गावांत गावभेटीला होते, अशा रुग्णाबद्दल त्यांना कुणीही काही सांगितलं नव्हतं. मग अधिकाऱ्यांनी श्रद्धाला विचारलं, डॉक्टर कुठे होते? श्रद्धाने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. तिचं कंत्राट दर वर्षी त्यांच्या शेऱ्यावर वाढत होतं.

"गावभेटीला होते," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. सुचिताच्या हातात माइक अजून होता. तिने तो पुन्हा तोंडाशी नेला.

"सर, तुम्ही तिथं होतात. तुमच्या ओटीसमोरच मी उभी होते. तुम्ही सांगा."

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. सुचिताला खात्री होती. ज्या माणसाने तिला निबंधात खोटं वाक्य लिहिलं म्हणून उभं केलं होतं, तो माणूस आता खोटं बोलणार नाही.

"त्या दिवशी मला बरं नव्हतं," सर म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, माझ्या काही ध्यानात नाही."

सुचिता खाली बसली. पुढे कोण काय बोललं ते तिच्या कानात शिरलं नाही. मागून कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला.

चौकशी झाली. डॉक्टर गावभेटीला होते हे सिस्टरनेच सांगितलेलं. मग गंभीर रुग्ण आल्यावर सिस्टरने वरिष्ठांना का कळवलं नाही, अलिबागला लेखी का पाठवलं नाही, असे प्रश्न तिलाच आले. लेखी पाठवायला डॉक्टरांची सही लागते, हे तिने सांगितलं. पण डॉक्टर कुठे होते ते तिला आता फिरवता येईना. तिचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: जनसुनावणीची दखल, दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई. संस्थेच्या मुलीने सुचिताला फोन करून अभिनंदन केलं, आणि मग बहुधा स्वतःलाच लाज वाटून तिने मध्येच फोन ठेवला.

श्रद्धा गेली त्या दिवशी सुचिता तिच्या पिशव्या उचलायला गेली. दोघी नाक्यावर रेवदंड्याच्या रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. आपण तोंड उघडलं नसतं तर ही इथेच असती, एवढंच सुचिताच्या डोक्यात फिरत होतं.

"तुझा राग नाही मला," श्रद्धाच म्हणाली. "तू खरं बोललीस. मी खोटं बोलले, नोकरी टिकावी म्हणून. तीच गेली."

"आता खरं सांगा ना वरच्या साहेबांकडे जाऊन. मी येते बरोबर."

"आता कोण ऐकतंय? तेव्हा खोटं बोललात की आता, असं विचारतील. काय सांगू?" श्रद्धाने रिक्षा येते का ते वाकून पाहिलं. "रंगूच्या बाळाची लस राहिलीय. तिला सांग, रेवदंड्याला घेऊन जा. विसरेल ती, मागे लाग तिच्या."

रिक्षा आली. श्रद्धाने पिशव्या आत ठेवल्या आणि ती सुचिताशी नजर न मिळवता बसली.

सुचिता तशीच रंगूकडे गेली. रंगू शेजारचीच, दोघींचं एकमेकींच्या घरात रोजचं येणं-जाणं. रंगूने बाळाला कडेवर घेतलं होतं. तिने निरोप ऐकून घेतला आणि म्हणाली, आता रेवदंड्याला जायला एक दिवस मोडायचा, रिक्षाला पैसे घालायचे. सिस्टर होती तेव्हा दारात येऊन टोचून जायची. डॉक्टर पयलं बी न्हवता, आता बी न्हाय. तू आमची एक होती ती घालवलीस. ती रागाने बोलली नाही, नुसतं सांगितलं, आणि म्हणूनच ते सुचिताला जास्त लागलं. पुढे नळावरही बाया तिला बघून बोलणं आवरतं घेऊ लागल्या. केंद्रात आता चंदर नावाचा शिपाई तेवढा असायचा. तो डोकं दुखलं तरी आणि पोट दुखलं तरी गोळी एकच द्यायचा.

पावसाळा संपत आला तेव्हा एक दिवस गौरी कोळीवाड्यात आली. ती यापूर्वी कधी तिथे आली नव्हती. बरोबरच्या गड्याच्या हातात नवाकोरा वॉकर होता. बाबांनी मुंबईहून मागवला, असं ती म्हणाली. सुचिता दारातून हलली नाही.

"त्या दिवशी फाटक तुम्हीच उघडलं होतं, गौरीवहिनी."

"हो."

"मग?"

गौरीने गड्याला मागे उभं राहायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. "बाबांना हल्ली झोप नाही. रात्री उठून बसतात. पण आमच्या घरी काही झालं तर ते डॉक्टरच येतात, सुचिता. मध्यरात्री हाक मारली तरी येतात. बाबांच्या हृदयाला दोष आहे. उद्या ते आले नाहीत तर?"

"आमच्याकडं आले न्हाईत, तर काय झालं ते आत बसलंय. बघून जा."

गौरी आत आली नाही. तिचे डोळे भरले होते, पण सुचिताला त्याचं काही वाटलं नाही. वॉकर परत घेऊन जा, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात आतून नीराबाईचा आवाज आला.

"आण तो हिकडं."

"आये, त्यांच्याकडचं नको आपल्याला."

"तू कोण नको म्हणणार?" नीराबाई म्हणाली. तिच्या जिभेला बऱ्याच दिवसांनी धार आली होती. "राग तुझा हाय. पाय माझा गेलाय. परसाकडला जायला मना गुणाजीच्या गळ्यात पडावं लागतंय. आण."

सुचिताने वॉकर घेतला. गौरी वळली आणि गड्याला घेऊन गेली. वॉकर सरांच्या उंचीच्या माणसासाठी मागवलेला असावा, नीराबाईला तो उंच झाला. सुचिताने जमिनीवर बसून त्याच्या नळ्यांमधली बटणं एकेक दाबली आणि तो सासूच्या उंचीला आणला. मग तिला काखेत धरून उठवलं. नीराबाईने दोन्ही मुठी आवळल्या, सगळा भार हातांवर घेतला, आणि सुनेकडे न बघता दरवाजाकडे निघाली.