वावरात फिरणारा ठिपका

१९९८च्या मार्गशीर्षात विनोदिनी हैदराबादहून जीप घेऊन बेल्याला मावशीकडे आली. नकाशे बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. जीपच्या टपावर वाटीएवढा अँटेना होता आणि पुढे एक छोटा पडदा. बेल्याच्या शिवाराचा नकाशा तिनं त्यात भरून आणला होता. आता तो चालवून बघायचा होता.

वच्छलामावशीला पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. आधारानं चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ती पाय जमिनीला टेकवायलाच भ्यायची. वावराचं नाव काढलं की तोंड फिरवायची. त्या सकाळी विनोदिनीनं हट्ट धरला, तेव्हा यशवंतकाकांनी बायकोला उचलून जीपमध्ये बसवलं आणि तेही मागं बसले.

धुकं दाट होतं. कापूस कुठं संपतो आणि धुकं कुठं लागतं, कळत नव्हतं. पडद्यावर मात्र रस्त्याच्या रेघेवरून जीप दाखवणारा एक ठिपका हळूहळू सरकत होता.

"हे आपल्याले कसं वळखते वो?" मावशीनं विचारलं.

"ओळखत नाही, मावशी. वर उपग्रह फिरतात. प्रत्येक जण हाक देत राहतो, मी इथं आहे, आत्ता इतके वाजले. हाक पोचायला किती वेळ लागला, त्यावरून तो किती लांब आहे ते यंत्र काढतं. चौघांच्या हाका मिळाल्या की आपली जागा ठरते."

"आन आपन त्याइले काय सांगतो?"

"काहीच नाही. नुसतं ऐकतो."

मावशी काचेतून वर पाहत राहिली.

वावरापाशी विनोदिनीनं जीप थांबवली. ठिपका मात्र थांबला नाही. तो बांध ओलांडून आत शिरला.

"आपन तं उभे हावो. हा काऊन चालून राह्यला?"

"उपग्रह अमेरिकी लष्कराचे आहेत. ते हाकांमध्ये मुद्दाम थोडी चूक मिसळतात. परक्यांना नेमकी जागा कळू नये म्हणून. त्यामुळे तो असा भटकतो."

"भटकू दे." मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं. "आता लिंबाखाली आली मी... आता विहिरीपाशी."

बराच वेळ ती बोटानं ठिपक्यामागं फिरली. मग म्हणाली, "मले खाली उतरवा."

दोघांनी तिला धरलं. दवानं भिजलेली माती तळव्याला लागताच तिनं श्वास आत ओढला, मग एक पाय उचलून पुढं ठेवला. दुसरा घासत मागून आला. कापसाची ओली बोंडं लुगड्याला लागत होती.

"हळू, हळू!" काका घाबरून ओरडले.

"तुमीच हळू बोला," मावशी म्हणाली आणि तिनं धुक्यात आणखी एक पाऊल टाकलं.