शून्याची पावती

आत्याला चौथ्या खेपेला लायसन्स मिळालं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी सव्वादहाला ते आम्हालाही माहीत नव्हतं.

माहीत होतं ते एवढंच: अकराला परीक्षा, शिकाऊ परवान्याचा आज शेवटचा दिवस, आणि मागून हॉर्न वाजला की आत्या स्टिअरिंग सोडून कानांवर हात ठेवते. मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, शिवाय भाचा. म्हणजे ओरडायची सोय नाही.

कॉलेजच्या फाटकासमोर हवालदाराने हात केला. आदल्या संध्याकाळी कॉलेजात समारंभ होता; ज्यांची अजून उतरली नव्हती ती पोरं तो वेचत होता. आत्या ताशी बाराच्या वेगाने, नागमोडी आली होती.

"फुंका, मॅडम," त्याने दारू तपासायचं यंत्र पुढे केलं.

मॅडम, कारण तिच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो दोनदा नापास झाला होता.

"आधी तू. यंत्र बरोबर आहे हे दाखव, तो माझा हक्क आहे."

त्याने फुंकलं. यंत्राने बेचाळीस दाखवले (मर्यादा तीसची), पावती काढली आणि आकडा परस्पर ठाण्याला कळवला.

"खोकल्याचं औषध घेतलं होतं," हवालदार म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात," मी म्हणालो.

"पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचा तुलाही हक्क आहे," म्हणत आत्याने फुंकलं. शून्य. पावती आली आणि यंत्रातला कागद संपला.

तेवढ्यात ठाण्यातून फोन. "त्या बेचाळीसवाल्याला गाडी चालवू देऊ नका. शुद्धीतल्या माणसाकडून इकडे आणा."

"होय साहेब. आणतो," हवालदार म्हणाला.

शुद्धीत असल्याची पावती फक्त आत्याकडे होती. पोलीस जीपला आमची 'शिकाऊ' पाटी बांधली. आत्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, आरोपी मागे. गडबडीत वरचा दिवा लागला तो बंद होईना.

आणि रस्ता दुभंगला. बस थांबल्या, ट्रक कडेला झाले, हॉर्न एकाचाही नाही. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला.

"अरे, हे तर सोपं आहे," ती म्हणाली.

परवाना कार्यालय ठाण्याच्या अलीकडेच लागतं. आरोपीची हरकत नव्हती. तो पंधरा मिनिटं मोजत होता. दिवा पाहून तपासनीस उभा राहिला तो बसलाच नाही. आठचा आकडा, चढावरचं थांबणं, उलटी गाडी, सगळं एका दमात. पास.

ठाण्यात नवा कागद भरला, हवालदारही शून्य निघाला. दोघं एकमेकांना पावत्या दाखवत चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्या साध्या गाडीतून चौकापर्यंत गेली. मागून हॉर्न वाजला. संध्याकाळी तिने अर्ज लिहिला:

"विनंती की, सदर जीप दर मंगळवारी भाजी आणण्यापुरती मिळावी. ते शक्य नसल्यास फक्त वरचा दिवा मिळावा. तेही शक्य नसल्यास मागे बसण्यासाठी एक आरोपी मिळावा. सोबत शून्याची पावती जोडली आहे."