पाण्याबाहेरचे दिवस

होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अहल्या जगताप स्वयंपाकघरात पहिल्यांदा पडली. चहाचं आधण ठेवल्याचं तिला आठवत होतं. मग एकदम गालाला फरशीचा गारवा लागला. आधण उतू जाऊन शेगडी विझली होती आणि खोलीत गॅसचा वास भरला होता. ती हातांवर रेटत उठली, बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि खुर्चीत बसून राहिली. कपाळावर टेंगूळ आलं होतं. कुणाला सांगावं असं कोणी घरात नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. लग्न तिने केलंच नव्हतं.

अहल्या सत्तावन्न वर्षांची होती. तिचे पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते, वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. ती स्वतः तीस वर्षं बायकांना पोहायला शिकवत आली होती. सकाळी सहाची बॅच आणि आठची बॅच. बडोद्यातल्या हरणी भागात तिच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका पाण्याला घाबरायच्या थांबल्या त्या तिच्यामुळे. सगळ्या तिला अहल्याबेन म्हणत.

नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी मोजली. बेचाळीस. ते हसले आणि म्हणाले, पोहणाऱ्या माणसांची अशीच असते, तुमचं हृदय तिशीतल्या मुलीसारखं आहे, ऊन वाढलंय, लिंबाचं सरबत घेत जा. तिला बरं वाटलं. आपलं शरीर तीस वर्षं पाण्यात कमावलेलं आहे, याचा तिला मनातून अभिमान होता. ती सरबत घेऊ लागली.

एप्रिलच्या मध्यावर आठच्या बॅचला ती तलावाच्या पायरीवर बसून शिट्टी वाजवत होती आणि पुढचं तिला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ती पायरीवर आडवी होती. पाण्यात आठ बायका तिच्याकडे तोंड करून थांबल्या होत्या. त्यातल्या दोघी खोल भागात दोरीला धरून होत्या, आणि त्या दोघींना अजून नीट पोहता येत नव्हतं. पाय घसरला, असं अहल्या म्हणाली. सगळ्यांनी ते मानलंही.

त्या दिवशी ती घरी गेली नाही. तलावाचे व्यवस्थापक श्रीपतराव यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसली आणि मग आत गेली. श्रीपतराव तिच्याहून वयाने मोठे, निवृत्त क्रीडाशिक्षक.

"पाय घसरला नाही. मला चक्कर आली. दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "दोरी सुटली असती तर मला कळलंही नसतं."

श्रीपतरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कोणाला दाखवलंत?"

"दाखवलं. चांगलं आहे म्हणतात."

"मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर बॅच मी दुसरीला देतो." मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "घरी कोण असतं तुमच्याबरोबर?"

असतात शेजारी, असं ती म्हणाली आणि बाहेर पडली.

हृदयाच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून चोवीस तासांचं यंत्र कमरेला बांधलं. त्या चोवीस तासांत तिला काहीच झालं नाही. कागदावर नाडी संथ होती, पण थांबलेली कुठे नव्हती. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे. त्यांनी सांगितलं की ही चक्कर हृदयामुळे येते की आणखी कशामुळे, हे चक्कर येत असताना पकडलं तरच कळेल. आठवडाभर लावायचं एक लहान यंत्र असतं. ते सध्या दुसऱ्या रुग्णाला दिलेलं आहे, तुमचा नंबर लागायला तीन आठवडे जातील. तोवर पोहायचं नाही, स्कूटर चालवायची नाही, न्हाणीघराची कडी लावायची नाही. आणि शक्यतो एकटं राहायचं नाही.

शेवटच्या सूचनेवर ती मान हलवून बाहेर आली. बाकी सगळ्या सूचना पाळता येण्यासारख्या होत्या.

मे महिना होता. सोसायटी रिकामी झाली होती. समोरच्या कोकिलाबेन मुलीच्या बाळंतपणाला सुरतला गेल्या. जाताना त्या म्हणाल्या, तुमच्याकडे लक्ष द्यायला भावाला बोलावून घ्या ना. बोलावते, असं अहल्या म्हणाली. भाऊ, विश्वास, नाशिकला होता. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. तब्येत, ऊन, आंबे, एवढं बोलून संपायचा. मे महिन्यातही आला. त्याने विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, मजेत. त्यालाही संसार होता, वहिनी होती. कशाला त्रास द्यायचा, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर, सांगितलं आणि तो आलाच नाही तर, याची तिला जास्त भीती होती.

दिवस मोठे झाले. सकाळी पाच वाजता सवयीने जाग यायची आणि मग करायला काही नसायचं. शरीर पाण्यासाठी आसुसायचं. खांदे आखडले होते. ती घरात भिंतीला धरून चालायला शिकली. गॅसजवळ उभं राहायचं नाही म्हणून भाजी खुर्चीत बसून परतायची. दुपारी पंख्याखाली पडून मनगटावर बोट ठेवायची आणि मोजायची. एकेचाळीस. चाळीस. एका ठोक्यानंतर दुसरा यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती श्वास रोखून वाट बघायची. आपण इथे पडलो तर किती दिवसांनी कळेल, याचा हिशेब एकदा मनात सुरू झाला तो थांबेना. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. वर्तमानपत्र तिने बंद केलं होतं. कोकिलाबेन जूनच्या शेवटी येणार.

मग ती बाहेर पडू लागली. पडायचंच असेल तर माणसांत पडावं, एवढाच विचार होता. पहिले काही दिवस मांडवीच्या बाजारात गेली. बांगड्यांच्या दुकानांसमोरून सावकाश फिरायची, कुठल्याशा ओट्यावर बसायची. पण काही न घेता रोज बसणाऱ्या बाईकडे दुकानदार बघू लागले. तेव्हा तिला बस सुचली. बसमध्ये बसून राहणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. डेपोतून करजणची बस धरायची, तास-सव्वा तासाचा प्रवास, करजणच्या स्टँडवर चहा घ्यायचा आणि येणाऱ्या बसने परत. खांद्याला खांदा लागेल इतकी गर्दी. शेजारी बसलेल्या बाईच्या डब्यातल्या लोणच्याचा वास. कोणीतरी झोपेत तिच्या अंगावर कलायचं, आणि ती तशीच बसून राहायची, हलायची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यंत्र मिळालं. काडेपेटीएवढं, छातीला चिकटवलेलं, मधे एक बटण. चक्कर आली की शुद्धीवर येताच दाबायचं, म्हणजे आधीच्या काही मिनिटांची नोंद जपून राहते. नर्सने ते दोनदा दाबून दाखवलं. त्यानंतर अहल्या चक्कर येण्याची वाट पाहू लागली. तीन दिवस काही झालं नाही. अंग इतकं ठणठणीत वाटू लागलं की तिला राग आला. यंत्र परत द्यावं लागलं आणि काही सापडलं नाही तर पुन्हा तेच दिवस.

चौथ्या दिवशी, करजणहून परतताना, खिडकीबाहेरची झाडं एकाएकी फिकी झाली.

डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं आणि बस रस्त्याच्या कडेला उभी होती. काही कळण्याआधी तिचा हात छातीकडे गेला. तिने बटण चाचपलं आणि जोरात दाबलं.

"छातीमां दुखे छे?" मांडीवर डोकं घेतलेल्या बाईने विचारलं. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, पायाशी वांग्यांची टोपली.

दुखत नाही, असं अहल्याने गुजरातीत सांगितलं.

"घेर कोण छे, बेन?"

घरी कोण असतं, याचं उत्तर द्यायला अहल्याने तोंड उघडलं आणि नेहमीचं उत्तर आलं नाही.

"कोई नथी," ती म्हणाली.

त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. पदराने तिचा घाम पुसला. तिचं नाव रेवाबेन होतं, तिला बडोद्याला भाजी पोचवायची होती. डेपोत उतरल्यावर तिने टोपली ओळखीच्या माणसाकडे ठेवली आणि रिक्षात अहल्याशेजारी बसून दवाखान्यापर्यंत आली. आत नाव पुकारेपर्यंत थांबली. मग भाजी सुकते आहे, असं सांगून निघून गेली. तिचा फोन नंबर घ्यायला हवा होता, हे अहल्याला ती गेल्यावर सुचलं.

डॉक्टरांनी पडद्यावर रेघ दाखवली. ठोका, ठोका, ठोका, आणि मग लांबलचक सपाट रेघ.

"सात सेकंद," ते म्हणाले. "इतका वेळ हृदय थांबलं होतं. आता शंका नाही. पेसमेकर बसवू."

अहल्या हसली. मग तिला रडू आलं. आपण खोटं बोलत नव्हतो, एवढंच काही वेळ तिच्या मनात होतं. तीन महिने तिला कोणी खोटं म्हटलं नव्हतं, तरी.

ऑपरेशन परवा होतं आणि कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव हवं होतं. तिने दवाखान्याच्या व्हरांड्यातून विश्वासला फोन लावला आणि होळीपासूनचं सगळं सांगितलं.

"अक्का, मेमध्ये मी फोन केला होता."

"हो."

"तेव्हा तू मजेत होतीस."

मी येतो, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो वॉर्डाच्या दारात उभा होता, हातात एक लहान बॅग. केस सगळे पांढरे झाले होते. शर्टाचं एक बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं, आणि कॉलर नीट धुतलेली नव्हती.

ऑपरेशन तासाभरात झालं. डाव्या खांद्याखाली टाके पडले. हात महिनाभर वर न्यायचा नाही, पाण्यात उतरायचं नाव त्यानंतर काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी विश्वास खाटेजवळ मोसंबी सोलत बसला होता. वहिनी का नाही आली, असं तिने सहज विचारलं.

त्याने सोललेली फोड तिच्या हातावर ठेवली. "ती दोन वर्षं बंगलोरला आहे. मुलाकडे. परत यायची नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "मी डबा लावलाय."

"मला सांगितलं नाहीस."

"फोनवर कसं सांगायचं?"

दोघांनी मिळून मोसंबं संपवलं. पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला तिच्या सुना भेटायला आल्या होत्या आणि त्यांचा गलका चालू होता. अहल्या आणि विश्वास त्यांच्याकडे बघत बसले.

तो आणखी चार दिवस हरणीच्या घरी राहिला. वरणभात बरा करायचा. माझ्याकडे चल, असं त्याने एकदा म्हटलं. माझं काम इथे आहे, असं ती म्हणाली. मग तू इथे ये, असं तिने म्हटलं. बघू, असं तो म्हणाला. त्यापुढे विषय गेला नाही.

पाचव्या दिवशी ती त्याला सोडायला डेपोत गेली. नाशिकची बस लागली होती, पण सुटायला अवकाश होता. तू जा घरी, उभी राहू नकोस, असं त्याने खिडकीतून दोनदा सांगितलं. मग बोलता बोलताच त्याला झोप लागली. तोंड किंचित उघडं, डोकं गजाला टेकलेलं. अहल्याला त्याला उठवावंसं वाटलं नाही. बस सुटायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती खिडकीखाली उभी राहिली, आणि एकदाही तिने मनगटावर बोट ठेवलं नाही.