खिचडीच्या मागची रांग

"पाहा, कुंदनभाऊ," म्हणत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुलदीपनं स्वतःच्या बोटाला लावलेली मॉनिटरची क्लिप काढली. मॉनिटरवर लाल दिवा लागला आणि टेबलावरचा सिस्टरचा फोन लगेच किंचाळला.

"हे एका खाटेचं झालं," कुंदन म्हणाला. "आता साऱ्या खाटा भरल्या अन् जेवणाची वेळ हाय, असं धर."

अकोल्याच्या त्या खाजगी दवाखान्यात उद्यापासून नवं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. ते भरवशाचं आहे की नाही, हे तपासायला कुंदन अमरावतीहून आला होता. त्यानं खोटे रुग्ण भरले, जेवणाचे, औषधांचे, बिलांचे निरोप एकदम सोडले आणि कुलदीपला पुन्हा क्लिप काढायला लावली.

मूग खिचडी. बिनमिठाचं वरण. बिल तयार. फोनवर निरोप येत राहिले. अलार्म आला तेव्हा कुलदीपचा चहा संपला होता.

"रचनाच चुकली," कुंदन म्हणाला. "सारे निरोप एकाच रांगेत. जीव चाललेला माणूस खिचडीच्या मांगं उभा राहते."

"दुसरी रांग करू ना पुढच्या महिन्यात. उद्या उद्घाटन हाय. तुमी काहून अडून राहिले?"

कुंदनची बायको प्रणाली दवाखान्यात वारली, त्या दिवशी तिच्या खाटेची बेल वाजत होती. ऐकायला कोणी नव्हतं.

कुंदननं सॉफ्टवेअरला होकार दिला नाही. कुलदीपनं परस्परच देऊन टाकला. वॉर्डात गोंगाट नको म्हणून मॉनिटरचे आवाजही बंद केले.

दुसऱ्या दिवशी कुंदन रजा टाकून पुन्हा अकोल्याला आला आणि वॉर्डात स्टूल ओढून बसला.

"तुमी कोनाचे पाव्हणे?" मूर्तिजापूरच्या पार्बताबाईनं खाटेवरून विचारलं.

"कोनाचाच नाही, मावशी."

"मंग माह्याजवळच बसा. माह्या पोराले गोबी विकण्यातून फुरसत नाही."

जेवणाची गाडी आली. हर्षा सिस्टरच्या खिशात फोन एकसारखा वाजू लागला. पार्बताबाईनं ताट घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच खाली पडला. उशाजवळचा दिवा लाल झाला.

"सिस्टर!"

"थांबा ना भाऊ," फोन पाहत हर्षा म्हणाली. "इथं तर खिचडीच दाखवून राहिलं."

"अवो, दिवा पाहा!"

हर्षा धावली. तिनं दोन्ही हातांनी पार्बताबाईची छाती दाबायला सुरुवात केली. कोणीतरी डॉक्टरांना हाक मारत पळालं.

पुष्कळ वेळानं हर्षाच्या खिशात अलार्म किंचाळला. तो बंद करायला कोणाचे हात मोकळे नव्हते. कुंदन बाजूला उभा होता, पार्बताबाईचं खिचडीचं ताट दोन्ही हातांत धरून.