खिडकीजवळचं कपाट

शाळेच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो भर बैठकीत, आणि वर त्याबद्दल टाळ्याही घेतल्या.

बैठक टॅबची होती. संस्था चाळीस टॅब देणार होती, त्यांत हजारो पुस्तकं मिळणार होती, पण टॅबसाठी टेबलं मांडायची तर आठातली चार कपाटं हलवावी लागणार होती. बाईंचं टॅबशी वाकडं नव्हतं. जाड चष्म्याच्या मुलांना अक्षर मोठं करून वाचता येईल, हे तर त्यांनीच आधी बोलून दाखवलं. घोळ एवढाच होता, की कोणती पुस्तकं काढायची. विज्ञानाचे सर म्हणाले जुनी काढा, भाषेच्या बाई म्हणाल्या फाटकी काढा. तेव्हा आपल्या बाई उठल्या.

"मुलं वाचतात ती राहू द्या. तीन वर्षांत जे एकदाही कुणी नेलं नाही, ते जाऊ द्या."

इतका सरळ न्याय कोण नाकारणार? मुख्याध्यापिकांनी तो तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घेतला. बाई खुशीत घरी गेल्या. खिडकीजवळचं कपाट वाचलं, असं त्यांना वाटलं.

त्या कपाटात भुतं होती, बुडालेली जहाजं होती, खुनी आणि गुप्तहेर होते. बाईंनी खळ लावून, कापडी पट्टी डकवून, एकेक पुस्तक तीन-तीनदा जगवलेलं. घरी दिलं असतं तर पानं गळून परत आलं असतं, आणि एकानं नेलं की बाकी दहा जण आठवडाभर ताटकळले असते. म्हणून बाईंचा नियम होता, की हे कपाट इथेच बसून वाचायचं, आणि घंटा झाली की आपल्या पानात कागदाची चिठ्ठी ठेवून जायचं. चिठ्ठीवर वर्ग आणि हजेरीचा नंबर. एकेका पुस्तकातून सात-आठ चिठ्ठ्या डोकावत असायच्या. मधल्या सुट्टीत मुलं अर्धा डबा तसाच टाकून धावत यायची.

आठवड्याला एक पुस्तक घरी नेलंच पाहिजे, असा शाळेचा वेगळा दंडक होता. त्यासाठी मुलं जाता जाता हाताला लागेल ते पातळसं पुस्तक उचलायची. 'दातांची निगा' न उघडता दप्तरात जायचं आणि न उघडता परत यायचं, पण जाता-येता दोन्ही वेळा त्याची नोंद व्हायची.

यादी कॉम्प्युटरनं काढली आणि सहीसाठी बाईंकडे आली. खिडकीजवळचं कपाट त्यात वरपासून खालपर्यंत होतं. 'दातांची निगा' मात्र तीन वर्षांत एकशे चौदा वेळा घरी जाऊन आलेलं, त्याला कोण हात लावणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि हुकूम बाईंच्याच शब्दांत. स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं त्यांना वाटलं.

त्या एक पुस्तक चिठ्ठ्यांसकट घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मुख्याध्यापिका काही परक्या नव्हत्या. याच शाळेत शिकलेल्या, अजूनही त्यांना बाईच म्हणायच्या. त्यांनी एक चिठ्ठी काढून वाचली आणि नीट त्याच पानात ठेवली. म्हणाल्या, एका कपाटाला सूट दिली की उद्या प्रत्येक जण आपापलं कपाट घेऊन दारात उभा राहील. चिठ्ठ्या म्हणजे काही नोंद नव्हे.

"तुम्ही स्वतः त्या खिडकीत बसून वाचलंय, मॅडम."

"वाचलंय ना, बाई. पण माझी तरी नोंद कुठे आहे?"

बाईंनी पुस्तक उचलून काखेत घेतलं. परत येऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. पुस्तकामागे एक खोटी नोंद, एवढंच करायचं होतं. दोन दिवसांचं काम, आणि विचारणारं कुणी नव्हतं. पण सत्तावीस वर्षांत एकही खोटी नोंद न केलेली बोटं ऐन वेळी हलेनात. त्यांना मुख्याध्यापिकांचा आला नव्हता इतका आपल्या या प्रामाणिकपणाचा राग आला. मग त्यांनी यादीवर सही केली.

रद्दीवाला सोमवारी आला. ढिगातलं एकेक पुस्तक उलटं धरून तो झटकत होता, आणि चिठ्ठ्या फरशीवर पडत होत्या. मध्येच तो थांबला. हातातल्या पुस्तकाचे काळवंडलेले कोपरे त्याने अंगठ्यानं चाचपले, मग मान वर करून उरलेल्या कपाटांकडे पाहिलं.

"बाई, ढीग चुकला तर नाही ना? ही वाचून वाचून पार विरलीत. कोरी तर तिकडे दिसतायत."

"नाही चुकला," बाई म्हणाल्या. "ही कुणी वाचत नव्हतं. तसं मी लिहून दिलंय."

त्याला काय त्याचं. त्याने पोतं बांधलं, पाठीवर घेतलं आणि निघाला. बाई फरशीवर बसून चिठ्ठ्या गोळा करू लागल्या. सहावी ब, एकवीस. सातवी अ, चार. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि जिन्यावरून मुलं धावत वर येताना ऐकू आली. अजून निम्म्या चिठ्ठ्या उचलायच्या राहिल्या होत्या.