आभाळातून न पडलेली राख

पोशीरला इंदूबाईच्या शेतात सकाळपासून माणसं येत होती, आणि जाताना ज्याच्या त्याच्या पिशवीत तिच्या राबाची राख होती.

राब तिनं परवा सकाळीच भाजला होता. खाली शेण, वर ऐनाच्या झाडाच्या पाल्याफांद्यांचा टाहाळ, त्यावर गवत, सगळ्यावर मातीचं पांघरूण. काडी लावली आणि दुपारपर्यंत जमीन काळी मऊ झाली, काजळ घातल्या डोळ्यासारखी. पाऊस आला की भाताचं रोप याच राखेत हसायचं. राख गेली तर रोप गेलं, रोप गेलं तर वर्ष गेलं.

आणि टीव्हीवर तोच काळा तुकडा दाखवून सांगत होते, की अवकाशातून रॉकेटचा जळता भाग इथं कोसळला. साक्षीला तिचा दीर सदू उभा. म्हणत होता, मी डोळ्यांनी बघितलं, आगीची रेघ होती.

कुणी म्हणे ही राख पोराच्या गळ्यात बांधली की दृष्ट लागत नाही. कुणी नुसतीच शोकेसमध्ये ठेवायला नेत होतं. शेजारच्या गजानं तर स्वतः टाहाळाचे भारे वाहिले होते, तोही मूठभर घेऊन चालला. तिनं हटकलं तर म्हणाला, "टीव्हीवर दाखवलंय, वैनी. तुमाला त्यांच्यापरीस जास्त कळतं व्हय?"

मग इंदूबाईनं लेकीच्या, ऋतिकाच्या मोबाइलवर ती बातमी लावून घेतली. पुन्हा लावली. आधी सदूचं तोंड, मग काळी जमीन. दोन्ही खरी. मधे पापणी लवावी एवढीच फट, आणि रेघ इथं पडली असं सदू त्या फटीत कुठंच म्हणाला नव्हता.

ती सदूकडे गेली. तो नवा शर्ट घालून ओटीवर बसला होता. सकाळपासून सोयऱ्यांचे फोन घेत होता.

"भावजी, उजेड खरंच दिसला?"

"दिसला ना. नाक्यावर समद्यांनी बघितला. परवा दिवेलागणीला माथेरानच्या डोंगरावरनं रेघ गेली, तुकडं होत होत वरच्या वर इझली. खोटं नाय बोललो मी."

"माझ्या शेतात पडली?"

सदूनं मान खाली घातली. "ते त्या टीव्हीवाल्यानं इचारलंच नाय. म्हनला, जवळपास जळलेली जमीन हाय का? मी दावली."

"राब हाय म्हणून सांगितलंत?"

"नाय सांगितलं." इंदूबाई रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "दोन खरी मुंडकी एका धडाला लावली त्यांनी. आता तुमीच सोडवा. माझं कोण ऐकतंय?"

सदू उठला आणि शेताच्या बांधावर जाऊन बसला. येईल त्याला सांगू लागला: रेघ कुठं दिसली, कुठं विझली, राब कुणी भाजला, कधी भाजला. काही हसले. काही म्हणाले, म्हातारा फिरला, पैसे खाल्ले असतील. पण गजा परत आला, राखेत बोट घालून त्यानं अर्धवट जळलेलं ऐनाचं पान उचललं, आणि आपली मूठ रिकामी केली.

उन्हं कलताना चौक गावाहून एक बाई रिक्षानं आली. तिची पिशवी निम्मी भरलीही होती. सदूकडे निरखून म्हणाली, "तुम्हीच ना ते टीव्हीवरचे?"

"मीच," सदू म्हणाला. "पण तिथं अर्धाच हाय बाई. पुरता हितं हाय. बसा, ऐका."

ती बसली. शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं पिशवी राबावर उपडी केली.